मामींचं लिव्हर

माझ्या सासूबाईंना मी मामी म्हणतो. आमच्याकडं सासूला मामीच म्हणतात. त्या मला 'पाव्हनं' म्हणतात. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, मुलगी पुण्याला कॉलेजात शिकायला गेली, माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या, तरी तिसगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर मी पाहुणाच होतो. अंगणात पाय ठेवला की मामी पदर पुढं ओढायच्या, 'बसा पाव्हनं' म्हणायच्या आणि आत निघून जायच्या. मग चहा आतून यायचा, जेवण आतून यायचं आणि 'अजून वाढू का' हा प्रश्नसुद्धा दाराआडूनच यायचा. माझं जेवण उरकल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतला नाही. त्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. जावयाशी असंच वागायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

अशा बाईला रोज सकाळी 'पोट साफ झालं का' म्हणून विचारायची वेळ माझ्यावर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सासरे गेल्यापासून मामी वस्तीवर एकट्याच राहत होत्या. मेहुणा पुण्यात कंपनीत, त्याच्या दोन खोल्यांत आधीच दाटीवाटी. मामींना साखरेचा आजार जुना होता. गोळ्या घ्यायच्या, मधेच विसरायच्या, बरं वाटलं की बंद करायच्या. त्या उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. जेवण जाईना. हंडाभर पाणी आणलं तरी दम लागायचा. हे त्यांनी सांगितलं नाही, माझ्या बायकोनं फोनवरच्या आवाजावरून ओळखलं. ती श्रीगोंद्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, शाळेला सुट्टी लागली होती. दुसऱ्याच दिवशी भाड्याची गाडी करून आम्ही दोघं गेलो आणि मामींना घेऊन थेट नगरचा दवाखाना गाठला.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, लिव्हर किती घट्ट झालंय ते बघायचं एक यंत्र असतं, त्यावरही झोपवलं. पोटाच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. सगळे कागद बघून त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी, तुमचं लिव्हर बरंच खराब झालंय."

मामींनी गर्रकन मान वळवली. माझ्याकडं. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

"पाव्हनं, म्या कदी थेंबबी घेतला न्हाई वो. देवाशपथ सांगते."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "तुम्ही पिता असं कोण म्हणतंय, आजी? न पिणाऱ्यांचंही होतं असं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली, वजन जास्त. लिव्हरमध्ये चरबी साठत जाते. मग आत वण पडतात आणि ते कडक होत जातं."

"बरं होईल ना?" बायकोनं विचारलं.

"झालेले वण बहुतेक जात नाहीत. पण इथंच थांबवता येतं. साखर ताब्यात ठेवायची, वजन हळूहळू उतरवायचं, मीठ कमी, गोळ्या वेळेवर, काविळीची लस घ्यायची. आणि अजून एक." त्यांनी पेन खाली ठेवलं. "अशा कडक लिव्हरमध्ये पुढं कधी कॅन्सरची गाठ होऊ शकते. होईलच असं नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. बारीक असताना सापडली तर उपाय असतात."

बायकोनं टेबलाखाली माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली होती. मामी मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय.

बाहेर नंबर यायची वाट बघताना बायकोनं मोबाईलवर काय काय वाचलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, दह्यातले ते चांगले जंतू असतात ना, प्रोबायोटिक, त्यानं लिव्हरचा कॅन्सर टळतो म्हणे?"

"वाचलंत ते अगदीच खोटं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आतड्यातलं रक्त आधी लिव्हरकडं जातं. आतड्यात वाईट जंतू माजले की त्यांचं विष रोज थोडं थोडं लिव्हरला पोचतं. चांगले जंतू वाढवले तर ते कमी होईल, असं आम्हालाही वाटतं. उंदरांवरच्या प्रयोगांत आशा दिसलीय. पण माणसांमध्ये त्यानं कॅन्सर टळतोच, असं मी आज तुम्हाला सांगू शकत नाही. दही खा, ताक प्या, मीठ न घालता. मी पुड्याही लिहून देते. फक्त दह्याच्या भरवशावर सोनोग्राफी चुकवायची नाही."

माझ्या डोक्यात ते शेवटचं वाक्य बसलं. मामींच्या डोक्यात 'मीठ न घालता' एवढंच बसलं. गाडीत बसल्यावर त्या लेकीला हळूच म्हणाल्या, "बिनमिठाचं ताक मंजी नुसतं धुवन की गं."

वस्तीवर परत सोडायचा प्रश्नच नव्हता. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे मामींना मोठी लाजेची गोष्ट. वस्तीवर सामान घ्यायला गेलो तेव्हा त्या उगाच इकडंतिकडं फिरत राहिल्या. शेवटी लुगड्यांचं गाठोडं आणि विरजणाचा एक छोटा स्टीलचा डबा घेऊन गाडीत बसल्या. डबा श्रीगोंद्यापर्यंत मांडीवरच होता.

मी इथल्या साखर कारखान्यात मिलमध्ये फिटर आहे. हंगामी कामगार. गाळप सुरू झालं की दिवस-रात्र पाळ्या, आणि ते संपलं की पुढच्या दिवाळीपर्यंत बहुतेक घरीच. जूनमध्ये शाळा उघडली. बायको सकाळी डबा घेऊन स्कूटीवर निघून जायची आणि घरात आम्ही दोघं उरायचो, मी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर, मामी स्वयंपाकघरात.

बोलणं फारसं नव्हतंच. चहा झाला की त्या कप आणून स्टुलावर ठेवायच्या आणि भिंतीकडं बघून म्हणायच्या, "चा ठिवलाय." मीही भिंतीला सांगायचो, "घेतो." दही मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून ताब्यात घेतलं. फ्रीजमधलं दही त्यांना मान्य नव्हतं. बाजारातून मातीचं मडकं आणायला लावलं, संध्याकाळी कोमट दुधात विरजण लावून ते फडक्यानं झाकायच्या आणि सकाळी रवी घेऊन बसायच्या. पहिल्या दिवशी बिनमिठाच्या ताकाचा घोट घेतल्यावर त्यांचं तोंड असं झालं की मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मलाही बिनमिठाचंच द्या." दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पेल्यांत भाजलेल्या जिऱ्याची पूड यायला लागली.

एकदा दवाखान्यातून आणलेली पुडी त्यांनी दोन बोटांत धरून माझ्यासमोर स्टुलावर ठेवली. "ह्येच्यात काय असतं?"

मी पाकिटावरचं वाचलं. "जंतू असतात. जिवंत. पोटात जाऊन चांगलं काम करणारे."

"जित्ते जंतू? पुडीत?"

"हो. तुमच्या विरजणात असतात ना, त्यांचेच भाऊबंद म्हणा."

मामी मडक्याकडं बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या. "मंजी म्या जलमभर जंतूच पाळले म्हना की."

हसून त्या पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या होत्या.

जुलैच्या सुमाराला त्या मंदावल्या. दिवसा झोपायच्या. भाकरी तव्यावर टाकून विसरायच्या. एकदा जिऱ्याऐवजी चहाची पूड ताकात पडली. बायकोला वाटलं साखर वरखाली होत असेल. तपासली तर साखर ठीक होती. शनिवारी दवाखान्यात दाखवून आणू असं आमचं ठरलं.

शनिवार यायच्या आतच एका सकाळी, बायको शाळेत गेल्यावर, मामी पुढच्या खोलीत आल्या. डोक्यावर पदर नव्हता. केस सुटलेले. मी त्यांचे केस तोवर कधी बघितलेच नव्हते. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि रागानं म्हणाल्या, "आरं, तू अजून हितंच व्हय? बैलं कवा सोडनार?"

मी उठून उभा राहिलो. "मामी?"

"तोंड बग कसं झालंय. जेवला न्हाईस न्हवं कालपासनं?" त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पार कपाळापासून मानेपर्यंत. "किती वाळला रं, लेका."

मामींना एक धाकटा भाऊ होता. आई लवकर गेल्यामुळं त्यांनीच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. विशीत असतानाच तापानं गेला. बायकोनं मला हे लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं, मामींच्या तोंडून त्याचं नावसुद्धा मी ऐकलं नव्हतं. आता त्या मला तोच समजत होत्या.

आतून जळका वास आला. धावत गेलो तर दूध उतू जाऊन गॅसवर सांडलेलं. गॅस बंद करून वळलो, तर मामी मागं वाटी घेऊन उभ्या. दह्यात भाकरी कुस्करलेली. हात पुढं केला की त्यांचा पंजा मनगटापासून पाखरासारखा फडफडत होता, दही जमिनीवर सांडत होतं. "बस," त्या म्हणाल्या. मी एका हातानं बायकोला फोन लावला, पाठोपाठ शेजारच्या रिक्षावाल्याला, आणि ओट्याला टेकून खाली बसलो. त्यांनी मला घास भरवला. मी खाल्ला. दुसराही खाल्ला. मला माझी आई आठवेना अशी गोष्ट नाही, पण असं मला कुणी भरवल्याला फार वर्षं झाली होती.

रिक्षा आली. मी म्हटलं, "मामी, चला, दवाखान्यात जाऊ."

त्या जागच्या हलेनात. "मामी कुनाला म्हन्तो रं? म्या तुजी आक्का हाय न्हवं?"

मी त्यांचा हात धरला. "आक्का, चल."

आणि त्या लहान मुलीसारख्या माझ्याबरोबर निघाल्या.

गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावून लगेच ॲम्ब्युलन्समधून नगरला पाठवलं. शाळेच्या फाट्यावर बायको चढली. सगळा रस्ता मामींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या विहिरीबद्दल, चिंचेबद्दल, पायात मोडलेल्या काट्याबद्दल काहीतरी पुटपुटत होत्या आणि मधेच म्हणायच्या, "खोल पान्यात जाऊ नगंस." मी दर वेळी म्हणायचो, "नाही जात." बायको समोरच्या बाकड्यावर बसून आईचे पाय दाबत होती, तिचे डोळे वाहत होते.

नगरच्या त्याच डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांचं पोट शेवटचं कधी साफ झालं होतं?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. आम्हाला माहीतच नव्हतं.

त्यांनी मामींना एनिमा द्यायला लावला, नळीतून औषध सुरू केलं. मग आम्हाला बाजूला घेऊन समजावलं. पोटात साचून राहिलं की आतड्यातले जंतू त्यातून अमोनिया तयार करतात. चांगलं लिव्हर तो गाळून टाकतं. यांच्या लिव्हरला ते झेपत नाही, मग तो रक्तातून मेंदूत जातो आणि माणूस असं भ्रमल्यासारखं करतं. "घाबरू नका," त्या म्हणाल्या. "पोट मोकळं झालं की आजी परत येतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन वॉर्डात गेलो. मामी उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघितलं आणि घाईघाईनं चादरच डोक्यावर ओढली.

"बसा पाव्हनं."

मला हायसं वाटलं. बायको तर रडायलाच लागली. पण खरं सांगायचं तर मनात कुठंतरी मला किंचित चुकल्यासारखंही वाटलं. आदल्या दिवशीचं ते 'तू' मला आवडलं होतं.

मी बाहेर गेल्यावर त्यांनी लेकीला विचारलं म्हणे, "म्या पाव्हन्यास्नी काय वंगाळ बोलले का गं?" बायको म्हणाली, "नाही. दही-भाकरी भरवलीस." त्यावर मामी भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

इतके दिवस पोट का साचलं, हे मामी डॉक्टरांना सांगेनात. संध्याकाळी लेकीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं बाहेर आलं. आमच्या घरात संडासाचं दार पुढच्याच खोलीत उघडतं. मी दिवसभर त्याच खोलीत बसलेला. "पाव्हन्यांच्या म्होरून त्या दाराला हात कसा लावू? मला न्हाई जमत," मामी म्हणाल्या. मी बाहेर जाईपर्यंत त्या थांबायच्या, आणि पुष्कळदा मी बाहेर जायचोच नाही. बायको मला दवाखान्याच्या जिन्यात हे सांगत होती आणि सांगता सांगता हसतही होती, रडतही होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी एक गोड पातळ औषध दिलं. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, कमी झालं तर औषध वाढवायचं, फार झालं तर कमी करायचं. "घरात दिवसभर कोण असतं?" त्यांनी विचारलं. बायकोनं माझ्याकडं बोट दाखवलं. "मग तुम्ही रोज विचारायचं," डॉक्टर मला म्हणाल्या. मामींनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की मी उठायचो, चपला घालायचो आणि भिंतीला सांगायचो, "चौकात पेपर वाचून येतो." चौकातल्या हॉटेलात एक पेपर, मग दुसरा पेपर, चहावर चहा. मलाच पित्त व्हायला लागलं. विचारायचं काम बायकोनं शाळेतून अंगावर घेतलं. मधल्या सुट्टीत ती आईला फोन करायची, मग मला करायची. "झालं. जा घरी." एकाच घरातल्या दोन माणसांची बातमी अशी शाळेवरून फिरून यायची. हॉटेलवाल्याला वाटलं माझं घरात भांडण झालंय. एकदा तो समजुतीच्या सुरात म्हणालाही, "होतं असं संसारात. मनाला लावून घ्यायचं नाही."

आमच्याकडं पाऊस पडला तर भाद्रपदात पडतो. तसाच तो एका सकाळी आला. मी छत्री घेऊन निघालो खरा, पण चौकात गुडघाभर पाणी आणि हॉटेलचं शटर खाली. परत आलो आणि दारापुढच्या ओट्यावर पत्र्याखाली उभा राहिलो. पत्रा दोन ठिकाणी गळत होता. खिडकीतून मामींनी बघितलं.

"पाव्हनं, आत या."

"असू द्या. पाऊस बघतोय."

"त्यात काय बगायचंय? आत या म्हन्ते न्हवं."

मी आत आलो. त्यांनी टॉवेल पुढं केला, भिंतीकडं न बघता.

"मला ठावं हाय तुमी रोज कशापायी जाता," त्या म्हणाल्या. "येडी न्हाई म्या. माज्यापायी भिजू नगा. तुमी आपलं हितं बसा टीव्ही लावून." मग जरा थांबून म्हणाल्या, "आवाज तेवढा मोठा ठिवा."

मी बातम्या लावल्या आणि आवाज इतका मोठा केला की शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या. थोड्या वेळानं मामी स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाल्या, "झालं. आज सकाळधरनं दोनदा." मधल्या सुट्टीत बायकोचा फोन आला. मी म्हटलं, "मला माहितीय." पलीकडं ती इतकी हसली की तिच्या वर्गातली पोरंही हसायला लागल्याचं मला ऐकू आलं.

त्यानंतर भिंत आमच्यामध्ये राहिली नाही. त्या ताक घुसळायच्या आणि मी लसूण सोलत बसायचो. एक दिवस रवी थांबवून त्या म्हणाल्या, "त्या दिशी तुमाला काय भरवलं म्या?"

"दही-भाकरी."

"त्येला तीच लागायची." त्यांनी रवीला लागलेलं लोणी बोटानं निपटलं. "मला समदं सपनावानी आठवतं. तुमी आक्का म्हनलात."

"म्हटलं."

"बरं केलंत. तसं कुनी म्हनल्याला लई दिस झालं हुतं."

मग त्यांनी त्याच्याबद्दल सांगितलं. तो कसा पोहायचा, बहिणीच्या सासरी यायला कसा लाजायचा, आला की चुलीजवळ बसून मडक्यातलं दही कसं संपवायचा. बायकोलाही यातलं बरंचसं माहीत नव्हतं. संध्याकाळी मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्याजवळ कधी बोलली नाही." तिला थोडं वाईट वाटलं आणि बरंच बरं वाटलं.

नोव्हेंबरात सोनोग्राफीची वेळ आली. गाळप नुकतंच सुरू झालं होतं, मी जोडीदाराशी पाळी बदलून घेतली. सूज उतरली होती, वजनही उतरलं होतं, साखर ताब्यात होती. आम्ही जवळजवळ सहलीला निघाल्यासारखे निघालो. पण सोनोग्राफीच्या खोलीतून मामींना बाहेर यायला वेळ लागला आणि डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं.

"एक ठिपका दिसतोय. लहान आहे. काय आहे ते यावरून नक्की सांगता येत नाही. सीटी करून बघू."

सीटी झालं. रिपोर्टची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. बायको उगाचच कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होती, एका जागी बसवतच नव्हतं तिला. मामी आणि मी बसून होतो.

"तुमची पाळी बुडली न्हवं?" त्या म्हणाल्या.

"जोडीदार बघतोय."

"पाव्हनं, गाठ असंल तर असू द्या. म्या लई जगले." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "एकच सांगते. मला पुन्याला धाडू नगा, वस्तीवरबी नगं. हितंच ठिवा."

"हितंच म्हणजे?"

"तुमच्याकडं."

मी नुसती मान हलवली. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, झाकणात ताक ओतलं आणि माझ्यापुढं धरलं. दवाखान्याच्या त्या बाकावर आम्ही आळीपाळीनं बिनमिठाचं ताक प्यालो.

तासाभरानं डॉक्टरांनी बोलावलं. कॅन्सर नव्हता. कडक झालेल्या लिव्हरमध्ये अशा साध्या गाठी उठतात कधीकधी, त्या म्हणाल्या. लक्ष ठेवायचं, तीन महिन्यांनी परत बघायचं. तीन महिन्यांनी बघितलं, ठिपका होता तेवढाच होता. उन्हाळ्यातही तेवढाच.

"मॅडम, हे आईच्या दह्यामुळंच," बायको उन्हाळ्यात म्हणाली.

"दह्याला श्रेय द्यायला माझ्याकडं पुरावा नाही," डॉक्टर हसल्या. "आजींनी गोळ्या चुकवल्या नाहीत, वजन उतरवलं, पोट साफ ठेवलं, याला मी देते. पण दही बंद करू नका हं, आजी. एखाद वेळी उद्या पुरावा सापडेलही."

"सापडू दे," मामी म्हणाल्या. "तवर म्या लावतेच हाय."

यंदाच्या नोव्हेंबरातली तपासणीही चांगली आली. नगरहून परत येताना कारखान्याची चिमणी दिसायला लागली तशी मामींनी गाडी थांबवायला सांगितली. त्यांना मी काम करतो ती जागा बघायची होती. मी आधी परवानगी काढली आणि दोघींना आत नेलं. उसाच्या ट्रॉल्यांची रांग, गव्हाणीत पडणाऱ्या मोळ्या, मिलचे ते भले मोठे रोलर, सगळीकडं मळीचा वास. मामी कानावर हात ठेवून रोलरकडं बघत होत्या. "आन ह्ये बिघडलं की तुमी दुरुस्त करता?" त्या ओरडून म्हणाल्या. मी होय म्हटलं. मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

साखर पोत्यात भरतात तिथं माझा जोडीदार भेटला. पाहुण्यांना ताजी गरम साखर द्यायची आमच्याकडं पद्धत आहे. त्यानं मूठभर साखर मामींच्या हातावर ठेवली. "घ्या मावशी. कारखान्याचा प्रसाद."

मामी म्हणाल्या, "मला शुगर हाय वो."

"अहो, इथं सगळ्यांनाच शुगर हाय!" तो म्हणाला, आणि भोवतीचे सगळे कामगार खो खो हसले. मामीही हसल्या, पदर तोंडाला न लावता.

साखर त्यांनी टाकली नाही. ती ऊब हातात धरून त्या गाडीपर्यंत आल्या, मग पदराला गाठ मारून त्यात बांधली. गाडी सुरू झाली. बायको खिडकीला डोकं टेकून झोपली. मामी थोडा वेळ बाहेर उसाकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पाव्हनं, घरी गेल्यावर दूध तापवा बरं. आज विरजन लावायला उशीर झालाय."

"लावतो मी," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं सांगा किती घालायचं."